हंगामाला निघालेले पुस्तक: फिरत्या वाचनालयावरच्या एका चित्रपुस्तकाचा प्रकरण अभ्यास

(ओळख पटू नये म्हणून संस्था, गावे आणि माणसे यांची नावे दिलेली नाहीत. एकाहून अधिक ठिकाणचे अनुभव एकत्र बांधून हे प्रकरण मांडले आहे.)

पार्श्वभूमी

बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या एका तालुक्यात एक छोटी संस्था फिरते वाचनालय चालवते. गाडी एकच, जुना चारचाकी टेम्पो, ज्याला सगळा महाराष्ट्र ‘छोटा हत्ती’ म्हणतो. हौद्याच्या दोन्ही बाजूंना लोखंडी मांडण्या आहेत. प्रत्येक खणाला पुढून आडवी पट्टी लावलेली, नाहीतर पहिल्याच वळणाला पुस्तके खाली येतात. चालक काका आणि ग्रंथपाल ताई अशी दोनच माणसे. गाडी दर पंधरा दिवसांनी ठरलेल्या वारी वस्तीवर येते, दोन तास थांबते, मुले मागची पुस्तके परत करून नवी नेतात.

तालुका ऊसतोडीचा. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादम टोळ्या भरतात आणि माणसे पश्चिम महाराष्ट्रातल्या, कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात. परत येतात ती मार्च-एप्रिलमध्ये, गाळप संपल्यावर. काही मुले गावातल्या हंगामी वसतिगृहात राहतात, बाकीची आईबापांबरोबर जातात. वाचनालयाच्या देवघेव वहीत याचा नेमका ठसा उमटतो. ऑक्टोबरपासून काही नावांपुढचा ‘परत’ हा रकाना रिकामा राहतो आणि थेट उन्हाळ्यात भरतो. काही वेळा भरतच नाही.

एका देणगीदाराने ‘फिरते वाचनालय’ या विषयावर सहा ते नऊ वयाच्या मुलांसाठी एका चित्रपुस्तकाचा खर्च उचलायची तयारी दाखवली. अट एवढीच, की प्रती वाचनालयाच्या गावांत वाटल्या जाव्यात. संस्थेला पुस्तके हाताळायची सवय होती, ती तयार करायची नव्हती. त्यामुळे शहरातली एक संपादक आणि एक चित्रकार यांना सोबत घेतले.

अडचण

पहिला मसुदा सुबक होता आणि वाचून दाखवल्यावर पडला. त्यात एका लाल गाडीची गोष्ट होती. गाडी डोंगर चढते, दमते, चिखलात रुतते, शेवटी गावात पोहोचते. मुले टाळ्या वाजवतात, पुस्तके घेतात, हात हलवून निरोप देतात. वस्तीशाळेत ऐकणाऱ्या मुलांना रुतलेली गाडी आवडली. पुढे एका मुलाने विचारले, ‘‘मग पुस्तकं परत कधी द्यायची?’’ मसुद्यात त्याला उत्तर नव्हते.

इथे संस्थेच्या लक्षात मुख्य गोम आली. गाडी एकदा आली आणि पुस्तके देऊन गेली तर ते वाटप झाले. पुढच्या पाळीला तीच गाडी, तीच वही घेऊन, त्याच झाडाखाली उभी राहते तेव्हा ते वाचनालय होते. मसुद्यात दुसरी खेपच नव्हती. शिवाय सगळी धडपड गाडीची. मुलांच्या वाट्याला वाट पाहणे आणि आभार मानणे. बाहेरून आलेल्या माणसाच्या कौतुकाची अशी पुस्तके बरीच निघतात, आणि ज्या मुलांसाठी ती काढतात त्यांना ती दुसऱ्यांदा वाचावीशी वाटत नाहीत.

आणखी एक अडचण वेळेची. पुस्तक दिवाळीआधी हातात पडले नाही तर निम्मी मुले गावात नसणार.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय लाल गाडीचाच मसुदा सुधारून घेण्याचा. सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी उपयोगाचा. त्यावर जास्त वेळ घालवला नाही.

दुसरा पर्याय संपादकाला फार आवडला होता: जगभरच्या फिरत्या वाचनालयांची सफर. साहित्य खरोखर समृद्ध आहे. १९१० मध्ये सयाजीराव गायकवाडांनी बडोदा संस्थानात अमेरिकन ग्रंथपाल विल्यम बोर्डन यांना बोलावले आणि संस्थानात खेडोपाडी ग्रंथपेट्या फिरू लागल्या. १९३१ मध्ये तमिळनाडूतल्या मन्नारगुडीजवळ बैलगाडीवरचे वाचनालय सुरू झाले, त्याचे उद्घाटन ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी केले. अमेरिकेत केंटकीच्या डोंगरात १९३५ ते १९४३ या काळात घोड्या-खेचरांवरून पुस्तके पोहोचवणाऱ्या बहुतेक बाया होत्या, आणि पुस्तके कमी पडली की त्या जुन्या मासिकांची कात्रणे चिकटवून वह्या तयार करत. केनियातल्या गारिसा भागात १९९६ पासून उंटांवरून पुस्तके जातात. कोलंबियात लुईस सोरियानो हे शिक्षक अल्फा आणि बेतो या दोन गाढवांवर पुस्तके लादून गावोगाव गेले.

चाचणीत उंट पाहून मुले खूश झाली. पण प्रत्येक पान उलटले की नवा देश, नवे जनावर, नवे माणूस. सहाव्या पानानंतर लहान मुले उठून गाडीच्या टपाकडे गेली. माहिती उत्तम होती, गोष्ट नव्हती. या पर्यायात चुकायलाही भरपूर वाव असतो. कच्च्या रेखाटनात केनियाचा उंट दोन मदारींचा आला होता. तो मंगोलियाचा उंट. केनियातल्या उंटाला एकच मदार असते.

तिसरा पर्याय ताईंनी वही उघडून दाखवला. एका मुलीच्या नावापुढे ऑक्टोबरची तारीख, परतीची तारीख एप्रिलची. ‘‘हे पुस्तक सहा महिने कुठं होतं, ते काढा की,’’ एवढेच त्यांचे म्हणणे. म्हणजे गाडीची गोष्ट बाजूला ठेवून वाचनालयाच्या पुस्तकाने केलेल्या एका हंगामाची गोष्ट सांगायची.

तिसरा पर्याय निवडला. जगाची सफर पार टाकून न देता शेवटच्या जोडपानावर (समोरासमोरच्या दोन पृष्ठांवर) माहिती म्हणून ठेवली. तिथे उंट एका मदारीचा.

निर्णय १: काय दाखवायचे, काय नाही

सर्वाधिक वाद इथे झाला. मुलगी फडावर जाते म्हणजे तिच्या हातात कोयता दाखवायचा का? फडावरची मुले धाकट्या भावंडांना सांभाळतात, पाणी आणतात, वाढे (उसाचे हिरवे शेंडे) गोळा करतात. थोडी मोठी झाली की मोळ्या बांधायला हात लावतात. हे लपवले तर पुस्तक खोटे पडते. ठळक केले तर सात वर्षांच्या वाचकाला आपल्याच घराची कीव केल्यासारखे वाटते. ठरले ते असे: पहाटेच्या अंधारात आईबाप फडात निघतात, मुलगी कोपीत (फडाजवळच्या तात्पुरत्या झोपडीत) भावाला सांभाळते आणि त्याला पुस्तक दाखवते. कोयता आईच्या कमरेला, मुलीच्या हातात नाही. मुकादम एका चित्रात पाठमोरा. उचल, कर्ज यांचा शब्द नाही, मात्र निघायच्या चित्रात घराला कुलूप आणि दारात बसलेली आजी आहे. गटातल्या एका शिक्षकांना हे फार सौम्य वाटले आणि आजही वाटते. त्यांचा आक्षेप चुकीचा म्हणता येत नाही. पण गोष्ट पुस्तकाची आहे आणि वाचक सात वर्षांचा, या निकषावर निर्णय टिकला.

दुसरा प्रश्न पुस्तकाच्या अवस्थेचा. गोष्टीत ते पावसात भिजते, कोपरे दुमडतात, शेवटचे पान सुटते. पहिल्या शेवटात मुलगी रडते आणि ताई तिला माफ करतात. हा शेवट ताईंनीच खोडला. त्यांच्या वाचनालयात दंड नाही, तर माफी कसली? बदललेल्या शेवटात मुलगी सुटलेल्या पानावरचा मजकूर तोंडपाठ म्हणून दाखवते, ताई कोऱ्या कागदाचे पान चिकटवतात, मुलगी त्यावर चित्र काढते, आणि ताई वहीत ‘परत’ लिहून सही करतात.

निर्णय २: चित्रे

चित्रकाराने कधी उसाचा फड पाहिलेला नव्हता आणि संस्थेने संदर्भ न देता रेखाटने मागितली. परिणाम ठरलेला. ऊस मक्यासारखा दिसत होता, बैलगाडीला लाकडी चाके होती (आज टोळीकडे टायरगाडी असते), मोळी दोरीने बांधलेली होती (ती वाढ्यानेच बांधतात) आणि कोपी म्हणजे विटांची झोपडी झाली होती. तेरापैकी पाच जोडपाने पुन्हा काढावी लागली. करारात कच्च्या रेखाटनाला मान्यता मिळाल्यावर होणाऱ्या बदलांचे मानधन वेगळे होते, ते द्यावे लागले आणि ते योग्यच होते.

दुसऱ्या फेरीआधी संस्थेने संदर्भाचा संच दिला: टायरगाडीचे मागून, बाजूने आणि जू लावलेले फोटो, कोपीचा सांगाडा आणि आतली मांडणी, मोळी बांधण्याचे टप्पे, देवघेव वहीचे भरलेले पान, नावे झाकून. मुलांचे चेहरे ओळखू येतील असा एकही फोटो दिला नाही.

चाचणीत सर्वांत जास्त वेळ थांबली ती मुले वहीच्या चित्रापाशी. आधी वही कोपऱ्यात लहानशी होती. मुले पुढे सरकून त्यात स्वतःचे नाव शोधू लागली. मग वहीला पूर्ण जोडपान दिले, दहा ओळी, दहा नावे. परिसरातली नेहमीची नावे निवडली, पण आडनावे टाळली. आडनावावरून जात कळते आणि मुले ती बरोबर ओळखतात.

निर्णय ३: वाचून दाखवण्यासाठी बांधणी

मुलाने एकट्याने वाचायचे पुस्तक आणि पंचवीस मुलांपुढे धरून दाखवायचे पुस्तक, दोन्ही एकच हवे होते. पांढऱ्या कागदाची झेरॉक्स डमी (छपाईआधीची नमुना प्रत) घेऊन ती वस्तीशाळा, हंगामी वसतिगृह आणि मागच्या हंगामातून उशिरा परतलेली एक वस्ती अशा तीन ठिकाणी वाचली. पहिले वाचन सलग, मध्ये एकही प्रश्न न विचारता. दुसरा माणूस मागे बसून मुले कुठे पुढे झुकतात, कुठे आपसांत बोलतात याच्या खुणा डमीवर करतो. प्रश्न दुसऱ्या वाचनात.

त्यातून निघालेल्या दुरुस्त्या किरकोळ वाटतील, पण याच महत्त्वाच्या ठरल्या. पुस्तक बाजूला धरणाऱ्याचा अंगठा खालच्या कोपऱ्यातली दोन-तीन सेंटिमीटर जागा झाकतो. तिथे मांजर होते, ते वर घेतले. मुलीचा चेहरा दोन पानांच्या घडीत गेला होता. दोन मीटरवरून अंधाराची दोन चित्रे नुसती काळी दिसत. एका जोडपानावर सत्तर शब्द होते. ते पस्तीसच्या आत आणले. संपूर्ण गोष्ट साडेचारशे शब्दांत बसली.

‘छोटा हत्ती आला’ हे वाक्य संपादकाने सुरुवातीला खोडले होते, चित्रात हत्ती नाही म्हणून. मुलांना वाक्य लगेच कळले. वाक्य परत आले.

निर्णय ४: कागद, आकार, अक्षर

चित्रकाराला साडेआठ इंची चौरस आकार हवा होता. २० × ३० इंची कागदातून त्या आकाराची १२ पृष्ठे निघतात आणि पाव भागाहून जास्त कागद कापून फेकावा लागतो. त्याच कागदातून क्राउन क्वार्टो, म्हणजे सव्वासात × साडेनऊ इंच आकाराची १६ पृष्ठे बसतात. ३२ पृष्ठांना दोन फॉर्म, वाया जवळजवळ काही नाही. उभा आकार निवडला. शीर्षकपान आणि श्रेयनामावली (पृष्ठ १ ते ३), गोष्टीची तेरा जोडपाने (पृष्ठ ४ ते २९), माहितीचे एक जोडपान आणि एक मोकळे पृष्ठ, असा हिशेब बरोबर लागला.

आतला कागद १३० जीएसएम (कागदाच्या वजनाचे माप) मॅट आर्ट, म्हणजे चमक नसलेला. चकचकीत कागदावर झाडाखालच्या उन्हात निम्मे चित्र दिसत नाही. मुखपृष्ठ २५० जीएसएम, वर मॅट लॅमिनेशन.

अक्षरासाठी ‘मुक्त’ हा खुला युनिकोड फाँट, १८ पॉइंट. पहिला मजकूर जुन्या डीटीपी फाँटमधून युनिकोडमध्ये बदलून आला होता आणि ‘दुसऱ्या’चे ‘दुसर्या’, ‘वाऱ्यावर’चे ‘वार्यावर’ झाले होते. हे आपोआप सुधारत नाही. ‘र्य’ शोधून प्रत्येक जागा डोळ्यांनी पाहावी लागते, कारण ‘सूर्य’ तसाच राहायला हवा. पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांसाठीचा परिच्छेद-पर्याय चालू नसेल तर जोडाक्षरे तुटतात आणि वेलांट्या भलत्या अक्षराला लागतात. छपाईला जाणाऱ्या पीडीएफचा कागदी प्रूफ त्यासाठीच वाचायचा, वर्ड फाइलचा वाचून उपयोग नाही.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून विनाशुल्क मिळतो. अर्ज मात्र मलपृष्ठ अंतिम होण्याआधी करायला हवा. इथे तो उशिरा केला आणि बारकोडसाठी मलपृष्ठाची मांडणी पुन्हा करावी लागली.

निर्णय ५: दिवाळीआधी की हंगामानंतर?

सप्टेंबरात चित्रे तयार होती, पण दोन काळोखी जोडपाने अजून दुरुस्त व्हायची होती. चारही रंग मिळून शाईचे प्रमाण काही ठिकाणी ३०० टक्क्यांवर जात होते. दमट हवेत अशी शाई वाळत नाही, एका तावाची शाई दुसऱ्याच्या पाठीला लागते. घाईने हजार प्रती ऑफसेटवर छापून त्यात दोष राहिला असता तर दुसरी संधी नव्हती. थांबावे तर टोळ्या निघून जाणार.

मधला मार्ग काढला. निघणाऱ्या मुलांसाठी साठ प्रती डिजिटल छपाईने काढल्या. प्रतीमागे खर्च ऑफसेटच्या कित्येक पट. देणगीदाराला आधी समजावून सांगितले, लेखी मान्यता घेतली. प्रत्येक प्रतीला दाखल क्रमांक घातला आणि वहीत रीतसर नोंद करून, परतीची तारीख ‘हंगाम संपल्यावर’ अशी लिहून त्या दिल्या. फुकट भेट म्हणून द्याव्यात असे काहींचे मत होते. ताई ऐकल्या नाहीत. पुस्तकात जे सांगितले तेच वागायचे, हा त्यांचा मुद्दा.

निष्पत्ती

एप्रिल-मे महिन्यांत बहुतेक प्रती परत आल्या, काही आल्या नाहीत. परत आलेल्या प्रतींनी कोणत्याही चर्चेत निघाले नसते ते सांगितले. सर्वांत आधी सुटले ते मधले जोडपान, पृष्ठ १६-१७. दोन पिनांचा सगळा ताण त्याच घडीवर येतो आणि गंजलेली पिन कागद कापते. मुखपृष्ठाच्या घडीवर टोनरचे (डिजिटल छपाईच्या कोरड्या शाईचे) पापुद्रे निघाले होते, कारण घडी घालण्याआधी क्रीझ केलेली, म्हणजे दाबून रेघ पाडलेली, नव्हती. बऱ्याच प्रतींच्या मलपृष्ठाच्या आत, कोऱ्या जागेत, पेनाने आकडे होते: खेपा, टन, किराणा. घरात कोरा कागद तेवढाच होता. मोकळ्या शेवटच्या पृष्ठावर मुलांनी गोष्टीतल्या मुलीसारखी चित्रे काढली होती, कुणी सांगितलेले नसताना.

ऑफसेट आवृत्तीत त्याप्रमाणे बदल झाले. वाचनालयात राहणाऱ्या प्रती पिनेऐवजी मध्यशिलाईने, दोऱ्याने बांधल्या आणि पाठीला कापडी पट्टी लावली. घरी द्यायच्या प्रतींना पिनाच ठेवल्या. मुखपृष्ठाची आतली बाजू हिशेबासाठी फिकट ओळी आखून मोकळी ठेवली. संपादकाला हे विचित्र वाटले, पण तिने मान्य केले. काळोखी जोडपाने गडद निळ्यावर आणली. प्रसिद्धीनंतर ग्रंथप्रदान कायद्याप्रमाणे तीस दिवसांच्या आत कोलकाता, चेन्नई, मुंबई आणि दिल्ली इथल्या ग्रंथालयांना प्रती पाठवल्या.

हंगामी वसतिगृहातल्या मुलांची प्रतिक्रिया मात्र थंड होती. ती गावात मागे राहतात. त्यांचा हंगाम या पुस्तकात नाही. दारात बसलेल्या आजीच्या बाजूने सांगितलेली दुसरी गोष्ट हवी, असे वसतिगृहाच्या काळजीवाहक बाईंनी सुचवले. त्यावर अजून काम सुरू झालेले नाही.

वेगळे काय करता आले असते

संदर्भाचा संच पहिल्या रेखाटनाआधी दिला असता तर पाच जोडपानांचा खर्च आणि महिनाभर वाचला असता. त्या महिन्यात शाईची दुरुस्तीही झाली असती, कदाचित डिजिटल प्रतींची गरजच पडली नसती. अर्थात त्या प्रती गेल्या नसत्या तर मधले पान सुटते हे हजार प्रती वाटल्यावर कळले असते. तेव्हा पुढच्या पुस्तकासाठी संस्थेने थोड्या प्रतींची एक फेरी अंदाजपत्रकातच धरली आहे.

मोठी संधी भाषेची हुकली. टोळ्यांमध्ये बंजारा तांड्यांवरची कुटुंबे बरीच आहेत आणि घरात गोरमाटी बोलली जाते. छपाईत प्रत्येक रंगाची प्लेट वेगळी असते आणि मजकूर सर्वत्र फक्त काळ्या रंगात ठेवलेला होता, म्हणजे काळ्या रंगाच्या आतल्या पानांच्या चार आणि मुखपृष्ठाची एक अशा पाच प्लेट बदलून त्याच छपाईत गोरमाटी आवृत्ती निघाली असती. पण त्यासाठी दोन्ही मजकूर यंत्र सुरू होण्याआधी तयार हवेत. भाषांतर तयार नव्हते. आता वेगळी आवृत्ती काढायची तर वीसच्या वीस प्लेट पुन्हा कराव्या लागतील. भाषांतराचा पहिला खर्डा झाला आहे. दोन वेगळ्या तांड्यांवर तो मोठ्याने वाचून घेतल्याशिवाय छापखान्याकडे पाठवायचा नाही असे ठरले आहे, आणि ते वाचन टोळ्या निघायच्या आत उरकायचे आहे.